भाडे कुणाच्या मापाने?

सरकारी पैशाने गरिबांसाठी घरे बांधली, तरी भाडे किती घ्यावे हा प्रश्न उरतोच. अमेरिकेने १९३७ पासून त्याची तीन निरनिराळी उत्तरे दिली. प्रत्येक उत्तरात भाडे मोजण्याचे माप बदलले, आणि मापाबरोबर तुटीचा भार वाहणारा खांदाही बदलला.

१९३७ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार बांधकामाचे कर्ज केंद्र सरकार फेडी; देखभाल-दुरुस्तीचा खर्च मात्र भाड्यातून भागवावा लागे. माप होते इमारतीच्या खर्चाचे. नियमित पगार असणारी कुटुंबे राहत होती तोवर हिशेब जुळला. पुढे भाडेकरू अधिक गरीब होत गेले, इमारती जुन्या झाल्या, आणि वाढता खर्च भाड्यावर पडू लागला. १९६९ साली सेंट लुईस शहरातील सरकारी वसाहतींच्या रहिवाशांनी सुमारे नऊ महिने भाडे रोखून धरले. अकरा मजली ३३ इमारतींची प्रुइट-आयगो ही वसाहत त्यांपैकीच एक.

त्याच वर्षअखेर सिनेटर एडवर्ड ब्रुक यांची दुरुस्ती कायद्यात आली: भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून अधिक नको. आता माप झाले भाडेकरूची ऐपत. हे न्याय्यच होते. पण भाड्याचे उत्पन्न घटले आणि ती तूट भरून काढणारे केंद्राचे अनुदान पुरेसे आले नाही. दुरुस्त्या रखडल्या. भाडेकरूचा भार हलका झाला, इमारतीचा वाढला. १९८१ मध्ये ही मर्यादा ३० टक्क्यांवर नेण्यात आली.

तिसरे उत्तर १९८६ चे. सरकारने स्वतः बांधण्याऐवजी खाजगी गुंतवणूकदारांना करसवलत देऊ केली आणि बदल्यात भाड्याला कमाल मर्यादा घातली. ही मर्यादा भाडेकरूच्या नव्हे, परिसराच्या उत्पन्नावरून ठरते. त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या, समजा, ६० टक्के रक्कम घ्यायची आणि तिच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडे आकारायचे. वीज, पाणी यांचा अंदाजी खर्चही त्यातच धरायचा. उदाहरणार्थ, ६० टक्क्यांची रक्कम वर्षाला ४८,००० डॉलर आली, तर भाड्याची मर्यादा महिना १,२०० डॉलर होते. तेवढेच कमावणाऱ्याला ती ३० टक्के पडते. २४,००० कमावणाऱ्याला पूर्ण ६० टक्के. शेजारी श्रीमंत झाले की मर्यादा वाढते, याचा पगार असो वा नसो. म्हणूनच अशा घरांतील अनेक कुटुंबांना वेगळी सरकारी भाडेमदत घ्यावी लागते.

या व्यवस्थेत मालकाला उत्पन्नाचा अंदाज बांधता येतो, कर्ज मिळते, घरे उभी राहतात. हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. पण ‘परवडणारे’ हे विशेषण घराला लागले, माणसाला नव्हे. भाड्यावर मर्यादा घातल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो भाडेकरूने सोसायचा, इमारतीने की खजिन्याने, एवढेच ती मर्यादा ठरवते. ब्रुक यांच्या मापात चूक नव्हती; त्या मापाची किंमत चुकवण्याची तयारी अपुरी होती.