घरबांधणीवरील कर परत मिळतो का?

सातारा-सांगली परिसरात प्लॉट घेऊन स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधणारी कुटुंबे आजही अनेक आहेत. सिमेंट, सळई, फरशी, नळ यांवर भरलेला कर घर पूर्ण झाल्यावर परत मिळेल, अशी काहींची समजूत असते. ब्रिटनमध्ये साहित्यावरील व्हॅट मुदतीत अर्ज केल्यास खरोखरच परत मिळतो.

आपल्याकडे मात्र तशी तरतूद नाही. १ एप्रिल २००५ रोजी राज्यात विक्रीकराच्या जागी आलेल्या व्हॅटमध्ये ती नव्हती. १ जुलै २०१७ पासूनच्या वस्तू व सेवा करातही नाही. खाली दुकान, वर घर असले आणि मालक नोंदणीकृत व्यापारी असला, तरी स्वतःसाठी केलेल्या बांधकामावरील कराची वजावट कलम १७(५) नुसार नाकारली जाते.

बचतीची खरी जागा मजुरीत आहे. साहित्य मालकाने आणून केवळ मजुरीचा ठेका दिल्यास, एका स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाची ती मजुरी करमुक्त असते. तोच ठेका नोंदणीकृत ठेकेदाराला साहित्यासह दिला, तर संपूर्ण रकमेवर १८ टक्के कर लागतो. करारपत्रात हा भेद स्पष्ट लिहून घ्यावा. सिमेंटवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच काय तो दिलासा.

दुकानदार 'बिलाशिवाय स्वस्त' म्हणाला, तरी बिल घ्यावेच. पुढे घर विकताना भांडवली नफा काढताना करासह बांधकामखर्च वजा होतो, आणि त्याचा पुरावा म्हणून हीच बिले लागतात.