कॅड ड्रॉइंग सिम्युलेशनमध्ये नेताना

कसबा पेठेतील भुयारी मेट्रो स्थानकाच्या परिसरात जुने वाडे, अरुंद बोळ आणि दाट वस्ती आहे. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या टप्प्याचे २९ सप्टेंबर २०२४ रोजी उद्‌घाटन झाले आणि आराखड्यात पूर्वी बुधवार पेठ म्हणून नोंदलेले हे स्थानक कसबा पेठ या नावाने सुरू झाले. अशा वस्तीखाली बोगदा खणताना वरची जमीन किती मिलिमीटर खचेल, स्थानकात आग लागल्यास धूर कोणत्या जिन्याकडे वळेल, याचा अंदाज संगणकावर आधीच घेता येतो. यालाच सिम्युलेशन म्हणतात. त्याचा पाया म्हणजे कॅडमध्ये काढलेले ड्रॉइंग. मात्र ते जसेच्या तसे चालत नाही. योग्य फॉर्मॅटमध्ये एक्स्पोर्ट करावे लागते आणि गफलतीला नेमका तेथेच वाव असतो.

फॉर्मॅट कोणता?

ऑटोकॅडबरोबर १९८२ मध्ये आलेला ‘डीएक्सएफ’ सपाट नकाशांसाठी आजही सोयीचा आहे. बोगद्याचा आडवा छेद आणि त्याभोवतीचे माती-खडकाचे थर दाखवण्यास तो पुरतो. घनाकृतींसाठी १९९४ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेला ‘स्टेप’ घ्यावा. त्याहून जुन्या ‘आयजेस’मध्ये पृष्ठभाग अनेकदा सुटे होऊन येतात आणि ते पुन्हा शिवत बसावे लागते. इमारतींसाठी ‘आयएफसी’ उपयुक्त, कारण त्यात भिंत भिंत म्हणून आणि दार दार म्हणूनच पोहोचते. ‘एसटीएल’मध्ये केवळ त्रिकोण असतात; मोजमापाचे एकक त्यात नसतेच. मिलिमीटरमधील ड्रॉइंग मीटर समजून वाचले गेले, तर लांबी हजारपट आणि घनफळ १०० कोटीपट होते. एवढी चूक निदान डोळ्यांना दिसते.

न दिसणारी चूक

खरा धोका सर्वेक्षणाच्या निर्देशांकांत आहे. सर्वेक्षणात रूढ असलेल्या यूटीएम पद्धतीत कसबा पेठेचे विषुववृत्तापासूनचे उत्तर अंतर सुमारे २० लाख ४८ हजार मीटर येते. मेट्रोसारख्या लांब कामाचे ड्रॉइंग अशाच आकड्यांवर बेतलेले असू शकते. बायनरी एसटीएल फाइल प्रत्येक आकडा ३२ बिटांत साठवते, म्हणजे जेमतेम सात अर्थपूर्ण अंक. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ तिला साडेबारा सेंटिमीटरपेक्षा बारीक फरक नोंदवताच येत नाही. परिणामी बोगद्याचे अस्तर कडेने दातेरी होते, पातळ भाग एकमेकांत मिसळतात. खचण्याचा हिशेब मिलिमीटरमध्ये करायचा असताना आकृतीच सेंटिमीटरांनी हललेली असते, आणि पडद्यावर ती बहुधा ठीकच दिसते! उपाय सोपा आहे. स्थानकाचा एक कोपरा शून्य मानून सारे ड्रॉइंग तेथे सरकवावे, किती सरकवले ते लिहून ठेवावे आणि मगच एक्स्पोर्ट करावे.

काय ठेवावे, काय गाळावे

मापांच्या रेषा, अक्षरे, फर्निचर, छायांकन यांचे लेयर बंद करावेत. कठड्यावरची नक्षी काढावी. ती हिशेबाचा वेळ वाढवते. जिन्याच्या तोंडाशी असलेले दार मात्र राहिलेच पाहिजे, कारण धुराची वाट त्यावर ठरते. रेषांची टोके जुळली आहेत ना, हेही पाहावे. भिंत आणि छत यांत फट राहिली, तर प्रत्यक्षात नसलेल्या वाटेने धूर निघून जातो आणि स्थानक आहे त्याहून सुरक्षित भासते.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेचे ‘फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर’ मोफत मिळते. ते जागेची विभागणी काटकोनी ठोकळ्यांत करते. साहजिकच बोगद्याची कमान त्यात पायऱ्यापायऱ्यांची होते. ठोकळे लहान केल्यास आकार सुधारतो. पण ठोकळ्याची प्रत्येक बाजू निम्मी केली की त्यांची संख्या आठपट होते.

फाइल उघडल्यावर प्रथम दोन ठळक खांबांमधील अंतर मोजावे आणि मूळ ड्रॉइंगशी ताडून पाहावे. मग फलाटाचे एकूण घनफळ. हे दोन्ही आकडे जुळल्याशिवाय हिशेब सुरू करू नये.