टिचकीची विद्या

बाजारात कलिंगड घेताना आपण त्यावर टिचकी मारून पाहतो. किराणा दुकानदार तेलाचे पिंप किती भरले आहे हे झाकण न उघडता सांगतो. तो वरून खाली ठोकत येतो, रिकाम्या भागावर आवाज घुमतो आणि तेलाची पातळी लागली की बद्द होतो. हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. पत्र्याच्या डब्यात अर्ध्याच्या आसपास पाणी भरा, तोंड कापडाने बांधा आणि विद्यार्थ्यांना बाहेरून पातळी शोधायला सांगा. सुरुवातीला बरेचजण चुकतील. पण काही खेपांनंतर एखादी मुलगी बरोबर जागी बोट ठेवील, आणि तिला ते कसे कळले हे तिलाच नीट सांगता येणार नाही.

ही टिचकी आठवण्याचे कारण २०२० साल. त्या वर्षी मार्च महिन्यात साथीमुळे जगभर शाळा-महाविद्यालये बंद झाली. त्यात वैद्यकीय महाविद्यालयेही होती. भावी डॉक्टर घरी बसून मोबाइलच्या पडद्यावर रुग्णतपासणी शिकू लागले. पुढे परिस्थिती निवळल्यावर जिकडेतिकडे एकच प्रश्न विचारला गेला : या मुलांना रुग्णाला हात लावताना आत्मविश्वास वाटतो का? प्रश्न नवा वाटला, तरी वैद्यकाच्या इतिहासात तो निदान अडीचशे वर्षे जुना आहे.

ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे १७२२ साली लिओपोल्ड आउएनब्रुगर जन्मला. त्याच्या वडिलांची खानावळ होती, आणि तळघरातली मद्याची पिंपे ठोकून पाहण्याची सवय त्याला तिथेच लागली असे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, डॉक्टर झाल्यावर त्याने व्हिएन्नाच्या स्पॅनिश रुग्णालयात माणसांच्या छात्या बोटांनी ठोकून ऐकायला सुरुवात केली. हवेने भरलेल्या निरोगी फुप्फुसावर आवाज घुमतो, छातीत पाणी साचले असेल तर तो बद्द येतो. रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात आपला अंदाज पडताळायचा, एवढेच नव्हे तर मृतदेहाच्या छातीत पाणी भरून ठोकून पाहायचे, इतका तो काटेकोर होता. १७६१ मध्ये त्याने हे सारे शंभरएक पानांच्या लॅटिन पुस्तकात छापले.

पुस्तकाची फारशी कोणी दखल घेतली नाही. १७७० मध्ये रोझिएर द ला शासान्य या फ्रेंच वैद्याने त्याचे भाषांतर केले, पण ही पद्धत आपण स्वतः कधी करून पाहिलेली नाही अशी कबुलीही त्याने देऊन टाकली! तेही पुस्तक धूळ खात पडले.

मग जाँ-निकोला कॉर्व्हिसार आला. हा पुढे नेपोलियनचा वैद्य झाला. पॅरिसच्या शारिते रुग्णालयात शिकवत असताना त्याला आउएनब्रुगरचा उल्लेख वाचायला मिळाला. त्याने लगेच लेखणी उचलली नाही. वर्षानुवर्षे तो खाटेमागून खाट रुग्णांच्या छात्या ठोकत राहिला, विद्यार्थ्यांना भोवती उभे करून त्यांच्याकडूनही ठोकून घेत राहिला. १८०८ मध्ये त्याने भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा त्याच्या टीपांनी मूळ पुस्तक कितीतरी पट फुगले होते. मनात आणले असते तर हा शोध त्याला स्वतःच्या नावावर खपवता आला असता, पण त्याने श्रेय आउएनब्रुगरलाच दिले. म्हातारा तेव्हा हयात होता. पुढच्याच वर्षी तो वारला.

दोन्ही भाषांतरे एकाच पुस्तकाची, भाषाही एकच. पहिल्यामागे रुग्णाची खाट नव्हती, दुसऱ्यामागे होती. तपासणीची ही रीत युरोपभर पसरली ती दुसऱ्यामुळे.

कॉर्व्हिसारचाच विद्यार्थी रने लायनेक. १८१६ साली हृदयविकाराची एक तरुण स्त्री त्याच्यापुढे आली. ती स्थूल असल्यामुळे ठोकून काही कळेना, आणि छातीला कान लावणे शिष्टाचारात बसेना. त्याने कागदाची सुरळी करून तिच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. १८१९ मध्ये त्याचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, आणि थोडे जास्त पैसे मोजले की ग्रंथाबरोबर लाकडी स्टेथोस्कोपही मिळे. म्हणजे पुस्तक आणि साधन दोन्ही घरपोच! तरीही परदेशांतून तरुण डॉक्टर पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात येतच राहिले. १८२१ मध्ये ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या जॉन फोर्ब्स यांना तर हे साधन सर्वत्र रूढ होईल याचीच शंका होती, कारण त्याचा नीट उपयोग करायला फार वेळ आणि कष्ट लागतात. शंका खोटी ठरली, पण तिच्यामागचे कारण मात्र खरे होते.

आपल्याकडे १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाच्या शेजारीच. १८५१ साली बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. अमेरिकेत मात्र केवळ व्याख्याने ऐकून डॉक्टर होणे बराच काळ शक्य होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम ऑस्लर यांनी १८९० च्या दशकात विद्यार्थ्यांना वॉर्डात नेमून रुग्ण सोपवले, आणि १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून त्यांतल्या बहुतेकांची लक्तरे वेशीवर टांगली. त्यानंतर रुग्णशय्येजवळचे शिक्षण हा नियमच झाला. २०२० ने तो काही महिन्यांसाठी मोडला.

मग काय झाले? ब्रिटनमध्ये ३२ वैद्यकीय शाळांतील शेवटच्या वर्षाच्या ४४० विद्यार्थ्यांची पाहणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. कोणाची लेखी परीक्षा बदलली होती, कोणाची प्रात्यक्षिक परीक्षा रद्द झाली होती, कोणाचा वॉर्डातला उमेदवारीचा काळ हुकला होता. नोकरीसाठी आपली कितपत तयारी झाली आहे, या भावनेवर तिन्हींचा परिणाम दिसला. आत्मविश्वासावर मात्र ठळक परिणाम दिसला तो एकाच गोष्टीचा : वॉर्डातली उमेदवारी हुकल्याचा. मला यात आउएनब्रुगरचीच गोष्ट पुन्हा दिसते.

पण इथे थोडे थांबले पाहिजे. आत्मविश्वास म्हणजे कौशल्य नव्हे. डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि त्यांचे प्रत्यक्ष काम यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा आढावा २००६ मध्ये घेतला गेला. वीस तुलनांपैकी तेरांमध्ये दोहोंचा मेळ जवळजवळ नव्हता किंवा उलटा होता. म्हणून नुसते 'तुम्हाला विश्वास वाटतो का?' असे विचारणाऱ्या पाहण्या जपून वाचाव्यात. त्यातही जो मुलगा 'मला येत नाही' म्हणतो तो निदान वरिष्ठांना हाक तरी मारील. ज्याला पडद्यावर पाहून सारे आल्यासारखे वाटते, त्याची मला अधिक भीती वाटते.

दुसरी गोष्ट थोडी खजील करणारी आहे. १९९७ मध्ये, म्हणजे साथीच्या कितीतरी आधी, अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना हृदयाचे ध्वनी ऐकवून ओळखायला सांगितले. सुमारे वीस टक्केच ओळखता आले, आणि प्रशिक्षणाची वर्षे वाढली म्हणून त्यात फारसा फरक पडला नाही. ही मंडळी वॉर्डातच वावरत होती! खाटेजवळ नुसते उभे राहून विद्या येत नाही, शेजारी कॉर्व्हिसार लागतो. उलट, ध्वनिमुद्रित आवाज शेकडो वेळा ऐकवल्यावर विद्यार्थ्यांना हृदयातील मर्मर ओळखता येऊ लागतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. हा सराव घरी बसूनही होऊ शकतो. दुरून सगळेच वाया जाते असे म्हणणे हा दूरशिक्षणावर अन्यायच होईल.

कानाचे काम दुरून होईल, हाताचे कसे होणार? समजा, प्राथमिक आरोग्य केंद्रात मध्यरात्री धाप लागलेला रुग्ण आला आणि एक्स-रेची सोय नाही. छातीची एक बाजू ठोकल्यावर बद्द लागली तर तिथे पाणी असू शकते. नेहमीपेक्षा जास्त पोकळ लागली तर फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असू शकते, आणि ती झपाट्याने वाढत असेल तर मिनिटांचाही उशीर चालत नाही. तो तरुण डॉक्टर त्या क्षणी आपल्या बोटांवर विसंबणार असतो.

स्वतःवर करून पाहा. डाव्या हाताचे मधले बोट उजव्या कॉलरबोनखाली सपाट ठेवा आणि उजव्या मधल्या बोटाने त्यावर ठोका. हालचाल मनगटातून हवी, आणि ठोकणारे बोट लगेच उचलायला हवे. ते रेंगाळले की आवाज मरतो. मग एकेक फासळी उतरत खाली या. एका जागी घुमणारा आवाज बद्द होईल, तिथे खाली यकृत आहे. आवाज बदललाच नाही, तर बहुधा डावे बोट सैल राहिले असेल. ते किती दाबून ठेवायचे हे मी इथे लिहून सांगू शकत नाही. ओळखीच्या एखाद्या डॉक्टरांना शाळेत बोलवा आणि त्यांचे बोट मुलांच्या बोटावर ठेवायला सांगा.