पेसमेकरची चिप झोपते, मग हृदयाकडे लक्ष कोण ठेवते?

पेसमेकर बसवलेल्या रुग्णाचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. मोबाइल रोज चार्ज करावा लागतो, मग ही एवढीशी बॅटरी आठ-दहा वर्षे कशी पुरते? याचे मुख्य कारण म्हणजे पेसमेकरमधली चिप बहुतेक वेळ झोपलेली असते. हे ऐकून काहींना धास्ती वाटते. म्हणून ही झोप म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ.

झोप म्हणजे काय?

पेसमेकरच्या डबीत मायक्रोकंट्रोलर असतो, म्हणजे एकाच चिपवर मावणारा छोटा संगणक. त्याचे काम एका वेगवान घड्याळाच्या तालावर चालते आणि हा ताल चालू आहे तोवर वीज खर्च होत राहते. काम नसेल तेव्हा हे वेगवान घड्याळ थांबवले जाते. तेव्हाही दोन गोष्टी जाग्या असतात: वेळ मोजणारे संथ घड्याळ, आणि लीडमधून (हृदयापर्यंत गेलेल्या वायरमधून) येणारे ठोक्यांचे संकेत ऐकणारे सर्किट. या दोन्हींना अत्यल्प वीज लागते.

समजा, तुमच्या पेसमेकरवर मिनिटाला किमान ६० ठोके ठरवले आहेत. म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर तो एक सेकंद वाट पाहतो. त्याआधी हृदयाचा स्वतःचा ठोका पडला, तर ऐकणारे सर्किट चिपला उठवते. चिप नोंद घेते, घड्याळ पुन्हा शून्यावर आणते आणि झोपते. ठोका पडलाच नाही, तर सेकंद भरताच घड्याळ तिला उठवते आणि हृदयाला विजेचा सूक्ष्म झटका दिला जातो. चिप कुठे अडकून पडलीच, तर तिच्यावर नजर ठेवणारे वेगळे सर्किट तिला पुन्हा सुरू करते.

(काही पेसमेकरमध्ये रात्री ठोक्यांची किमान संख्या कमी ठेवण्याची सोय असते. ती रुग्णाच्या झोपेसाठी असते, चिपच्या झोपेशी तिचा संबंध नाही.)

हिशेब करून पाहा

पेसमेकरच्या बॅटरीची क्षमता साधारण १ अँपिअर-तास धरू. सरासरी १० मायक्रोअँपिअर वीज खर्च झाली तर ती सुमारे १ लाख तास, म्हणजे ११ वर्षांच्या वर चालेल. २० मायक्रोअँपिअर लागले तर साडेपाच वर्षांच्या आसपास. आणि चिप सतत जागी राहून १ मिलिअँपिअर खाऊ लागली तर? १,००० तास, म्हणजे जेमतेम दीड महिना.

शरीरात पूर्णपणे बसवलेला जगातला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना लावला गेला. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन यांना आयुष्यभरात वीसपेक्षा जास्त पेसमेकर बसवावे लागले. २००१ साली, ८६ व्या वर्षी ते वारले. १९७० च्या दशकात लिथियम-आयोडीन बॅटरी आली आणि चित्र पालटले.

बॅटरी कशाने लवकर संपते?

झटका जितका जास्त आणि जितका मोठा, तितका खर्च अधिक. झटक्याचे व्होल्टेज दुप्पट केले, तर त्याला लागणारी ऊर्जा चौपट होते. इथेच रुग्णांचे सर्वाधिक नुकसान होते. पेसमेकर बसवल्यावर सुरुवातीचे काही आठवडे, लीडचे टोक हृदयात रुळेपर्यंत, सुरक्षिततेसाठी व्होल्टेज मुद्दाम जास्त ठेवतात. साधारण तीन महिन्यांच्या तपासणीत ते गरजेनुसार कमी करतात. काही पेसमेकर हा बदल आपोआप करतात, पण सगळे नाहीत. 'आता बरे वाटते, कशाला एवढ्या लांब जायचे?' म्हणून ही एक तपासणी चुकवली, तर बॅटरीची काही वर्षे वाया जाऊ शकतात.

रेडिओ संपर्कालाही वीज लागते. घरच्या मॉनिटरवरून माहिती पाठवण्याचे वेळापत्रक डॉक्टर ठरवून देतात. नुसती खात्री करण्यासाठी रोज बटण दाबू नका.

चुंबक आणि मोबाइल

पेसमेकरला मुद्दाम जागे करण्याचा एक मार्ग म्हणजे चुंबक. तो छातीवर धरला की बहुतेक पेसमेकर हृदयाचे ठोके न ऐकता ठरावीक गतीने झटके देतात. बाजूला केला की पूर्ववत होतात. डॉक्टर याचा उपयोग बॅटरी तपासण्यासाठी करतात, कारण ती उतरली की ही गती बदलते. घरी हा प्रयोग करू नये. मोबाइल, इअरफोनची डबी, चुंबकी फोन-कव्हर पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा. शर्टाच्या खिशात तर नकोच.

कधी दाखवावे?

बॅटरी एकाएकी संपत नाही. बदलण्याची वेळ आल्याची सूचना पेसमेकर साधारण तीन महिने आधी देतो, पण ती तपासणीतच दिसते. वीज वाचवण्यासाठी काही पेसमेकर तेव्हा साध्या पद्धतीवर जातात. मग चालताना धाप लागणे, थकवा अशी लक्षणे जाणवू शकतात. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

बॅटरी डबीत सीलबंद असल्याने पूर्ण डबीच बदलतात. लीड चांगली असेल तर तीच वापरतात. शस्त्रक्रिया छोटी असते, पण दर वेळी जंतुसंसर्गाचा धोका थोडा असतोच. तपासणीला जाताना पेसमेकरचे कार्ड सोबत न्या. त्यावर कंपनी आणि मॉडेल असते, आणि प्रत्येक कंपनीचे तपासणीयंत्र वेगळे असते.