उंदीर, मांस आणि मोठ्ठे डोळे

निघण्यापूर्वी पाकिटातल्या नोटा नीट बघून घ्या. दहा डॉलर पुरतील, पण नोटा 1963 च्या आधी छापलेल्या हव्यात. नंतरची नोट काढलीत तर पहिल्याच मुक्कामी पोलीस येतील. मोबाइल घरीच ठेवा. कपडे मळखाऊ घाला. ‘लोब्रो’ किंवा ‘पॉप सर्रियलिझम’ म्हणतात त्या पंथाची चित्रं बघायला निघालोय खरं, पण बराच वेळ एकही चित्र भिंतीवर टांगलेलं दिसणार नाही.

1963 साल, दक्षिण कॅलिफोर्निया. तुम्ही एका मोठ्या सभागृहात उभे आहात आणि चहूकडे गाड्याच गाड्या आहेत. जुन्या फोर्ड कापून, ठाकून-ठोकून बुटक्या केलेल्या, बॉनेटवर ज्वाळा रंगवलेल्या. एका दाराच्या पत्र्यावर हाताने ओढलेल्या बारीक रेघा आहेत. इतक्या सरळ, की नख लावून बघायचा मोह होतो. लावू नका, मालक शेजारीच उभा आहे. या रेघांच्या कामात व्हॉन डच या माणसाचं नाव सगळ्यात आदराने घेतलं जातं. तो चित्रकार नव्हे, गाड्या रंगवणारा पेंटर.

कोपऱ्यात पोरांची रांग लागली आहे. तिच्या टोकाला उंचापुरा एड रॉथ एअरब्रश घेऊन टी-शर्ट रंगवतोय. लोक त्याला ‘बिग डॅडी’ म्हणतात. पुठ्ठ्यावर ताणून बसवलेल्या पांढऱ्या कापडावर फुस्स फुस्स करत एक हिरवट, ढेरपोट्या उंदीर उमटतो. डोळे खोबणीतून बाहेर आलेले आणि लाल शिरांनी भरलेले, दात करवतीसारखे, अंगात तांबडी विजार आणि तिच्यावर दोन अक्षरं: आर. एफ. हा रॅट फिंक. मिकी माउसचा वाया गेलेला चुलतभाऊच म्हणा. रेव्हेल कंपनी रॉथच्या गाड्यांची आणि भुतावळीची प्लॅस्टिकची जुळणी-खेळणी विकते आणि त्याला प्रत्येक खोक्यामागे एक सेंट देते. तुमच्या पुढचा पोरगा शर्ट तिथेच अंगात घालतो, रंग वाळायचीही वाट बघत नाही. आज रात्री त्याची आई तो शर्ट लपवून ठेवणार, हे तुम्हाला आणि त्यालाही ठाऊक आहे.

गंमत अशी, की याच दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसमध्ये, आदल्या वर्षी, जुलै 1962 मध्ये, फेरस गॅलरीत अँडी वॉरहॉलने सूपच्या डब्यांची 32 चित्रं मांडली होती. शेजारच्या एका कलाविक्रेत्याने खिडकीत खरेखुरे डबे रचून त्याची टिंगलही केली. पण सूपचा डबा गॅलरीतून सुरू झाला म्हणून संग्रहालयात पोचला. उंदीर शर्टावरून सुरू झाला, त्याला दारावरच अडवलं गेलं. दोन्ही चित्रं बाजारातूनच आली होती. फरक फक्त कोणत्या दाराने आली एवढाच. मला तरी दुसरं काही कारण दिसत नाही.

आता दोन वर्षं पुढे, मेवुड गावात रॉथच्या कारखान्यात. टेबलावर वाकून जाहिराती काढणारा बावीस वर्षांचा तरुण म्हणजे रॉबर्ट विल्यम्स. जन्म आल्बुकर्कचा, लहानपणापासून गाड्यांचं वेड. कलाशाळेत त्याला ‘इलस्ट्रेटर’ म्हणून हिणवलं गेलं. तिथे अमूर्ताचा जमाना होता, रंगाचे फटकारे मारणारे ते कलावंत आणि गाडीचं इंजिन नटबोल्टासकट काढणारा हा कारागीर. आपल्याकडे जे. जे.च्या आवारात ‘फाइन’वाले ‘कमर्शियल’वाल्यांकडे ज्या नजरेने बघत, ती नजर आठवा, म्हणजे फार समजावून सांगावं लागणार नाही. दिवसा हा माणूस रॉथच्या जाहिराती करतो आणि घरी एकेका तैलचित्रावर महिनोन्महिने घालवतो. जुन्या युरोपीय उस्तादांच्या पद्धतीने थरावर थर चढवत तो कार्टून रंगवतो.

फेब्रुवारी 1968. सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट स्ट्रीटवर गारठा आहे. समोरून एक बाबागाडी येते. तिच्यात डोकावा. बाळ नाही, कॉमिकची चळत आहे. रॉबर्ट क्रम्बने काढलेल्या ‘झॅप’चा हा पहिला अंक. प्रकाशक डॉन डोनह्यूकडे पैसे नव्हते, म्हणून त्याने आपला टेपरेकॉर्डर छापखानेवाल्याला देऊन छपाई करून घेतली आहे. किंमत 25 सेंट. दोन अंक घ्या. कागद हलका आहे आणि आतला मजकूर मुलांसमोर उघडण्यासारखा मुळीच नाही. पुढच्याच वर्षी चौथ्या अंकापासून विल्यम्सही या टोळीत सामील होईल आणि त्या अंकावर न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेचा खटला भरला जाईल.

इथून 1979 वर थोडा वेळच थांबायचंय. विल्यम्सचं पहिलं पुस्तक निघतं, रिप ऑफ प्रेसकडून. म्हणजे भूमिगत कॉमिक छापणाऱ्यांकडून. कलाग्रंथ छापणाऱ्या प्रतिष्ठित घराण्यांना याची दखल घ्यावीशी वाटत नव्हती, म्हणून त्याने नावच ठेवलं ‘द लोब्रो आर्ट ऑफ रॉबर्ट विल्यम्स’. लोब्रो म्हणजे हलक्या अभिरुचीचं. तुम्ही मला हलका म्हणता ना, घ्या, मीच म्हणतो. थट्टेत घेतलेलं नाव पुढे सगळ्या चळवळीला चिकटलं आणि विल्यम्सला ते कधी फारसं आवडलं नाही.

आता 1986. या वर्षी दोन ठिकाणी जायचंय. आधी होनोलुलूच्या फेडरल कोर्टात, कारण तसं नाट्य कुठल्याच गॅलरीत घडलेलं नाही.

बाकावर बसा. समोर ज्युरी आहे. एका बाजूला मार्गारेट कीन, साठीच्या उंबरठ्यावरची शांत बाई. दुसऱ्या बाजूला तिचा घटस्फोटित नवरा वॉल्टर, बोलघेवडा आणि स्वतःचा वकील स्वतःच. पन्नासच्या आणि साठच्या दशकांत बशीएवढ्या डोळ्यांच्या, रडवेल्या पोरांची चित्रं अमेरिकेत घरोघरी लागली होती. पोस्टरं, पोस्टकार्डं, जे छापता येईल ते खपत होतं. सही ‘कीन’ आणि मिरवणारा वॉल्टर. समीक्षकांनी नाकं मुरडली. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी निवडलेलं ‘टुमॉरो फॉरएव्हर’ हे प्रचंड चित्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या टीकेनंतर काढून टाकावं लागलं. सगळा वेळ चित्रं काढत होती ती मार्गारेट, घरातल्या एका बंद खोलीत. 1970 मध्ये तिने रेडिओवर खरं सांगितलं. वॉल्टर मात्र तिलाच खोटं पाडत राहिला आणि प्रकरण बदनामीच्या खटल्यापर्यंत आलं.

न्यायाधीश सांगतात, दोघांनीही इथेच, सगळ्यांदेखत, एक चित्र काढा. वॉल्टर खांदा दुखत असल्याचं सांगतो. मार्गारेट कुंचला उचलते. कोर्टात रंगाचा वास पसरतो. ज्युरीतले लोक मान वर करून बघू लागतात. एरवी कागदपत्रं चाळण्याचा आवाज येतो त्या दालनात आता फक्त कुंचला घासल्याचा आवाज आहे. 53 मिनिटांत ते ओळखीचे डोळे तयार होतात आणि चित्राला पुरावा क्रमांक 224 मिळतो. ज्युरी तिला 40 लाख डॉलरची भरपाई देते. पुढे अपिलात ती रक्कम रद्द झाली, पण बदनामीचा निकाल टिकला. आज या पंथातल्या निम्म्या चित्रांत जे मोठाले डोळे दिसतात, त्यांची वंशावळ काढायला बसलात तर या बाईपाशी येऊन पोचाल.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या मेलरोज ॲव्हेन्यूवर बिली शायर नावाचा दुकानदार आपल्या दुकानाच्या माडीवर ‘ला लूस दे हेसूस’ ही गॅलरी उघडतो. खाली खेळणी, मेक्सिकोच्या मृतांच्या सणातल्या कवट्या, साबण, विचित्र पुस्तकं. वर चित्रं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी नवं प्रदर्शन. जिना चढताना लक्षात घ्या, तुम्ही एकाही संग्रहालयाच्या पायऱ्या चढलेला नाहीत आणि तरी चित्रांपर्यंत पोचलात. इथे येणारा माणूस कवटी घ्यायला येतो आणि चित्र बघून जातो. उलटंही होतं.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. 1987 मध्ये ‘गन्स एन’ रोझेस’ने विल्यम्सचं ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हे चित्र आपल्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर घेतलं. त्यात यंत्रमानवाने अत्याचार केलेली एक बाई रस्त्यावर पडलेली आहे. दुकानदारांनी विरोध केला, चित्र आत ढकललं गेलं आणि बाहेर कवट्यांचा क्रूस आला. 1992 मध्ये लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयाने ‘हेल्टर स्केल्टर’ प्रदर्शनात विल्यम्सला घेतलं, तेव्हाही बायकांच्या चित्रणावरून गदारोळ झाला. चाहते याला सोवळ्यांची कुरबुर म्हणतात. मी म्हणणार नाही. त्या काळच्या कॉमिकवाल्यांची बंडखोरी बरेचदा बायकांच्या अंगावरच येऊन थांबायची. हस्तकौशल्याची तारीफ करताना त्याकडे काणाडोळा करायचं कारण नाही.

आता थोडं घरी येऊ. 1991 चा शेवट. दादर म्हणा, लक्ष्मी रोड म्हणा, कुठलंही कॅसेटचं दुकान चालेल. मायकल जॅक्सनची ‘डेंजरस’ मागा. काचेवर ठेवलेलं ते खोकं उचला. सोनेरी मुखवट्यातून डोकावणारे डोळे सगळ्यांना आठवतात. बाजूचा सिंहासनावरचा कुत्रा-राजा किती जणांनी पाहिलाय? कॅसेटच्या आकारात तो नखाएवढा होतो. भिंग लावा, कपड्याच्या कडांपर्यंत काम दिसेल. हे चित्र मार्क रायडनचं. तेव्हा तो अल्बमची आणि पुस्तकांची मुखपृष्ठं करून पोट भरणारा चित्रकार होता. या पंथाचं तुम्ही पाहिलेलं पहिलं चित्र बहुधा हेच असेल आणि ते तुमच्याकडे गाण्यांच्या सोबत, न मागता आलं.

रायडनचं पहिलं एकल प्रदर्शन व्हायला 1998 उजाडलं. पॅसाडीनात ‘द मीट शो’. दरम्यान 1994 मध्ये विल्यम्सने काही मित्रांसह ‘जक्स्टापोझ’ मासिक काढलं होतं. स्केटबोर्डचं ‘थ्रॅशर’ मासिक काढणारी मंडळी त्यामागे होती, त्यामुळे ते कलाग्रंथालयांत नव्हे, थेट वर्तमानपत्रांच्या ठेल्यावर आलं. न्यूयॉर्कला कधीही न गेलेला एखाद्या लहान गावातला पोरगा ते उघडून बघू शकत होता. माझ्या मते या चित्रांचं खरं संग्रहालय हा छापील कागदच होता. शर्ट, कॉमिक, कॅसेट, मासिक. भिंत त्यांना शेवटी मिळाली.

ती भिंत बघायला 2004 च्या अखेरीस सिअ‍ॅटलला या. बाहेर पाऊस, आत फ्राय कला संग्रहालय. तिकीट नाही, इथे प्रवेश फुकटच असतो. स्थापनेपासूनचा संग्रह एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन चित्रांनी भरलेला: गायी, संत, आणि फ्रान्झ फॉन स्टुकची सापाला अंगाभोवती गुंडाळून घेतलेली ‘पाप’ नावाची बाई. त्यातून वाट काढत ‘वंडरटूनेल’ या रायडनच्या प्रदर्शनात शिरा. कोरीव, जाडजूड चौकटी आणि आत फिकट चेहऱ्यांच्या, मोठ्या डोक्यांच्या मुली, अब्राहम लिंकन, मधमाश्या, ससे, आणि मांस. कच्चं, ताजं, चरबीच्या पांढऱ्या रेषा असलेलं मांस. जवळ जा, रखवालदार खाकरेल तिथपर्यंत. मुलीच्या गालावर जितक्या मायेने पातळ रंगाचे थर दिलेत, तितक्याच मायेने मांसाच्या तुकड्यावरही दिलेत. ताटातलं मांस आणि जिवंत प्राणी यांच्यामध्ये आपण जी भिंत घालतो, तिच्यावर हा माणूस मलमली हाताने टकटक करतोय.

आणि आता मागे वळून दारावरचं नाव वाचा. हे संग्रहालय ज्यांच्या मृत्युपत्रातून उभं राहिलं, त्या चार्ल्स आणि एमा फ्राय यांचा पैसा आला होता मांस-प्रक्रियेच्या धंद्यातून. हा योगायोग कुणी कल्पनेने रचला असता, तर संपादकाने ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून कापला असता.

याच शहरात कर्स्टन अँडरसन ही बाई 1998 पासून ‘रॉक ला रू’ गॅलरी चालवते आहे, आणि 2004 मध्येच तिने संपादित केलेलं ‘पॉप सर्रियलिझम: द राइज ऑफ अंडरग्राउंड आर्ट’ हे पुस्तक आलंय. या वाटेवर एकच पुस्तक घ्यायचं असेल तर हे घ्या. पानं उलटताना जाणवेल, की गाड्यांचा धूर विरत चालला आहे. कॅमिल रोझ गार्सियाच्या विषारी परीकथा, मॅरियन पेकची गोंडस पण अस्वस्थ करणारी माणसं. पोरांच्या रांगेतून निघालेली गोष्ट आता बऱ्याच बायकांच्या हाती आली आहे, आणि तिचं भलं झालं.

त्यानंतर पैसा आला. विल्यम्स 2010 मध्ये व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पोचला. ‘इलस्ट्रेटर’ म्हणणारे तोवर बहुतेक निवृत्त झाले असावेत. त्याच वसंतात न्यूयॉर्कमध्ये रायडनने मांसाचा झगा घातलेली मुलगी टांगली, आणि सप्टेंबरमध्ये लेडी गागा खऱ्याच मांसाचा पोशाख करून पुरस्कार घ्यायला आली. 2017 मध्ये अमेरिकन बॅले थिएटरच्या ‘व्हिप्ड क्रीम’चे पोशाख आणि नेपथ्य रायडनचं होतं.

शेवटचा मुक्काम आजचा. बिली शायरचं दुकान नव्वदच्या दशकात हॉलिवूड बुलेवार्डवर हललं. गॅलरी आता माडीवर नाही, दुकानाच्या मागच्या अंगाला आहे. सामूहिक प्रदर्शन असेल तर तयारीने जा: मोठ्या डोळ्यांची मुलगी, डोक्यावर हरणाची शिंगं, खांद्यावर कावळा, आणि हेच पुन्हा, पुन्हा. ज्या चित्रांनी चोख हाताच्या जोरावर कलाशाळेचा मक्ता मोडला, त्यांची स्वतःचीच आता कलाशाळा झाली आहे. हात सगळ्यांचा तयार आहे, सांगायचं मोजक्यांकडेच आहे. ते मोजके शोधायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या शुक्रवारी जाऊ नका. त्या रात्री माणसांच्या पाठी बघून परत याल. एरवीच्या एखाद्या दुपारी जा, आधी पुढच्या भागातल्या पुस्तकांच्या फळ्या चाळा आणि मगच मागे वळा.