डॉबरमनचं पिल्लू घेताय? शेपटीचं आधीच बोलून घ्या

डॉबरमन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ताठ कानांचा, आखूड शेपटीचा कुत्रा. प्रत्यक्षात डॉबरमन जन्मतो तो लांब शेपटी आणि लोंबते कान घेऊन. रॉटवायलर, बॉक्सर, कॉकर स्पॅनियल यांचीही शेपटी जन्मतः लांबच असते. ती कापण्याला 'टेल डॉकिंग' म्हणतात.

हे काम पिल्लू साधारण २ ते ५ दिवसांचं असताना होतं. शेपटी थेट कापतात किंवा घट्ट रबर बँड लावून रक्तपुरवठा तोडतात, अनेकदा भूल न देता. 'एवढ्याशा पिल्लाला काही कळत नाही' हे ब्रीडरचं ठरलेलं उत्तर. पण शेपटी कापताना पिल्लं ओरडतात. शिवाय कापलेल्या जागी नसांची गाठ होऊन दुखणं मागे राहू शकतं.

दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे, 'लांब शेपटीला पुढे इजा होते.' ब्रिटनमध्ये सुमारे १ लाख ३८ हजार कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार शेपटीची एक इजा टाळायला सुमारे ५०० कुत्र्यांच्या शेपट्या कापाव्या लागतील. डॉबरमन आणि रॉटवायलर मूळचे जर्मनीचे, आणि तिथे शिकारी कुत्र्यांचा अपवाद सोडता १९९८ पासून डॉकिंगला बंदी आहे.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ प्राण्याचा अवयव छेदण्याला गुन्हा मानतं. गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं यांना त्यात सूट आहे. कुत्र्याची शेपटी त्या यादीत नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. एवढ्याशा दंडाचा धाक कुणाला वाटणार?

म्हणूनच ग्राहकाचं म्हणणं महत्त्वाचं ठरतं, आणि तिथेच वेळेची अडचण येते. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे तुम्ही पिल्लू बघायला जाता तेव्हा शेपटी कापून कित्येक आठवडे झालेले असतात. त्यामुळे पिल्लं जन्मण्याआधी, टोकन देतानाच 'शेपटी आणि कान कापायचे नाहीत' असं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. कान सहसा ८ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान कापतात, त्यामुळे निदान ते तरी वाचवायला उशीर झालेला नसतो.

शेल्टरमध्ये शेपटी कापलेला कुत्रा आवडला, तर बिनधास्त दत्तक घ्या. त्यात त्याचा काय दोष? पण ब्रीडरकडून असं पिल्लू घेतलं, तर पुढच्या वेताच्या शेपट्याही कापल्या जाणार.

'याची शेपटी जन्मतःच आखूड आहे' असं विक्रेता म्हणाला, तर जात विचारा. पेम्ब्रोक कॉर्गी किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्डच्या बाबतीत ते खरं असू शकतं. डॉबरमनच्या बाबतीत ती थाप समजा.