एका ऑर्गनची पाठचिकित्सा

मराठी वाचकाला ‘ऑर्गन’ हा शब्द परिचित आहे तो संगीत नाटकांमुळे. परंतु नाटकातील तो ऑर्गन धातूच्या पातळ पट्ट्यांच्या कंपनातून वाजतो. चर्चमधील पाइप ऑर्गनचा नाद उभ्या नळ्यांतून उमटतो. भात्यांतील हवा लाकडी वातपेटीत साठते, वादकाने पट्टी दाबली की झडप उघडते आणि नळी बोलू लागते. नळ्या लाकडाच्या, अथवा कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूच्या असतात. प्रत्येक नळीचे तोंड कारागिराला हाताने जुळवावे लागते, तेही त्या विशिष्ट वास्तूतील घुमारा ध्यानात घेऊन. असे वाद्य शतकानुशतके टिकते तेव्हा नेमके काय टिकते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही जवळचा वाटावा.

हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधील ऑर्गन या दृष्टीने उद्बोधक आहे. आर्प श्निटगर (१६४८–१७१९) याने तो १६८९ ते १६९३ या काळात उभारला. हातांसाठी चार स्वरपट्ट, पायांसाठी एक, नळ्यांचे ६० स्वरसंच आणि सुमारे ४००० नळ्या असा त्याचा विस्तार. मात्र या साऱ्या नळ्या श्निटगरच्या नव्हेत. आधीच्या ऑर्गनमधील कितीतरी नळ्या त्याने नव्या रचनेत सामावून घेतल्या. त्यांतील काही थेट सोळाव्या शतकातील. म्हणजे ज्याला आपण मूळ कृती म्हणतो, तिच्यातच पूर्वसूरींचे अंश आहेत.

१९१७मध्ये युद्धासाठी धातू हवा म्हणून दर्शनी भागातील कथलाच्या नळ्या काढून नेण्यात आल्या. त्याच सुमारास हान्स हेन्नी यान (१८९४–१९५९) हा तरुण लेखक, सैन्यात जाणे टाळण्यासाठी, नॉर्वेत राहून ऑर्गनविद्येचा अभ्यास करीत होता. पुढे १९२०मध्ये नाटककार म्हणून त्याला क्लाइस्ट पुरस्कार मिळाला. युद्धानंतर हॅम्बुर्गला परतल्यावर त्याने या दुर्लक्षित वाद्याचे मोल ओळखले आणि गॉटलीब हार्म्स या मित्रासह त्याच्या जीर्णोद्धाराला हात घातला. वाद्यवृंदाची नक्कल करू पाहणाऱ्या ऑर्गनांचा तो काळ होता. त्या अभिरुचीला श्निटगरचे वाद्य कालबाह्य वाटत होते. जुन्या वाद्याला स्वतःचे व्याकरण असते, ते समजून घ्यावे, ही यानची भूमिका जर्मनीतील ऑर्गन-सुधारणा चळवळीला बळ देणारी ठरली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, नळ्या आणि वातपेट्या सुरक्षित स्थळी हलवल्या गेल्या. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात चर्च होरपळले. ऑर्गनचा लाकडी सांगाडा जळून गेला. अखेर युर्गेन आरेंड या ऑर्गनकाराने १९९३मध्ये पुनरुद्धार पूर्ण केला. सांगाडा आणि दर्शनी नळ्या नव्याने घडवल्या गेल्या. आतील जुन्या नळ्या पुन्हा बोलत्या झाल्या.

मग हा ऑर्गन श्निटगरचा म्हणावा काय? हस्तलिखिताच्या संपादकापुढे असाच पेच असतो. गळालेला भाग भरावा तर आपला हात त्यात मिसळतो. न भरावा तर कृती मूक राहते. पोथी निदान पेटीत ठेवता येते. ऑर्गनला ती सोय नाही. तो वाजलाच पाहिजे, आणि त्यासाठी दुरुस्त करणारा हात हवाच. २०१७मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत जर्मनीतील ऑर्गनबांधणी व ऑर्गनसंगीताचा समावेश केला. एखाद्या विशिष्ट ऑर्गनऐवजी ती विद्याच वारसा म्हणून नोंदली गेली, हे याकोबीचा इतिहास पाहता यथार्थ वाटते. आरेंडच्या पिढीकडे श्निटगरची भाषा जाणणारे हात नसते, तर १९४२मध्ये वाचवलेल्या नळ्या आज केवळ जुना धातू म्हणून उरल्या असत्या.